आवाज केव्हा फाटतो?

गवयाचा आवाज फाटला असे आपण म्हणतो, तसेच यंत्राच्या आवाजाबद्दलही म्हणतो. ग्रामोफोनचा आवाज फाटे, शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या कर्ण्याचा हटकून फाटतो, आणि ‘कायमचा निर्दोष आवाज’ अशी जाहिरात करत १९८० च्या दशकात जी कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली तिचाही फाटतो. तक्रार एक, शब्दही एक. पण फाटण्याची जागा प्रत्येक यंत्रात निराळी आणि वेळही निराळी. आपण दुरुस्ती करणाऱ्याला सांगतो, ‘आवाज फाटतो.’ त्याने उलट विचारायला हवे, ‘केव्हा फाटतो?’ जुने डिजिटल यंत्र दुरुस्त करताना तर हा प्रश्न स्क्रू-ड्रायव्हरपेक्षा उपयोगी पडतो. तो का, हे समजायला ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात थोडे मागे जावे लागेल.

मोठ्या आवाजाची भीती

सुरुवात कोल्हापुरापासून करू. १ जून १९२९ रोजी येथे प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली. विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी हे पाच भागीदार. कंपनीचे पहिले चित्रपट मूक होते. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ झळकला आणि मूकपटांचे दिवस भरले. त्यानंतर अकरा महिन्यांच्या आत, ६ फेब्रुवारी १९३२ रोजी, त्याच मॅजेस्टिकमध्ये कोल्हापुरात तयार झालेला ‘अयोध्येचा राजा’ लागला. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र, दुर्गा खोटे तारामती. ध्वनिमुद्रणाची बाजू दामल्यांनी सांभाळली. पडदे रंगवण्यापासून कारकीर्द सुरू केलेला हा माणूस चाळिशीच्या उंबरठ्यावर ध्वनीचे शास्त्र शिकला, ही गोष्ट आपल्या विज्ञानशिक्षणाच्या चर्चेत सहसा येत नाही. यायला हवी.

त्या काळी चित्रपटातला आवाज फिल्मच्याच कडेला एका अरुंद पट्टीवर प्रकाशाने लिहिला जाई. मायक्रोफोनमधून येणाऱ्या विद्युतप्रवाहाप्रमाणे प्रकाश कमी-जास्त होई आणि त्यानुसार पट्टीवरचा काळेपणा, किंवा दुसऱ्या पद्धतीत काळ्या भागाची रुंदी, बदलत जाई. बोलपटाची फिल्म सेकंदाला २४ चित्रे, म्हणजे सुमारे ४५.७ सेंटिमीटर धावते. सेकंदाला ५००० कंपने असलेल्या स्वराचे एक कंपन त्या पट्टीवर किती जागा घेईल? भागाकार केला तर ०.०९ मिलिमीटर येते. एवढ्याशा जागेत प्रकाश जराही पसरला तर ‘स’ आणि ‘श’ ही अक्षरे थुंकल्यासारखी ऐकू येतात.

पण खरी भीती मोठ्या आवाजाची होती. फिल्म पूर्ण पारदर्शक झाली की त्याहून अधिक पारदर्शक होऊ शकत नाही, पूर्ण काळी झाली की त्याहून काळी होऊ शकत नाही. नट ओरडला की तरंगाचे शेंडे छाटले जात आणि आवाज फाटे. हळू आवाजाची अडचण वेगळी. तो फाटत नसे, फिल्मच्या खरखरीत बुडून जाई. तेव्हा पार्श्वगायनाची सोय नव्हती. गाणे चित्रीकरणाबरोबरच गायले जाई, आणि गाणाऱ्याने मायक्रोफोनपासून किती लांब उभे राहायचे यावर सगळे अवलंबून असे.

ग्रामोफोनचीही हीच रीत. मोठा आवाज म्हणजे खाचेची मोठी वळणे. सुई एका मर्यादेपर्यंतच ती वळणे घेऊ शकते. त्यात एक गंमत आहे. तबकडी मिनिटाला ७८ फेरे या एकाच गतीने फिरते, पण बाहेरची खाच सुईखालून सेकंदाला साधारण ९८ सेंटिमीटर सरकते आणि केंद्राजवळची जेमतेम ४१. म्हणजे आतल्या खाचांत तेच कंपन निम्म्याहून कमी जागेत कोंबावे लागते. तीन-साडेतीन मिनिटांच्या मुद्रिकेत ख्याल बसवायचा तर जलद ताना शेवटी येणार, आणि शेवट म्हणजे केंद्राजवळ. यंत्र जिथे सर्वांत दुबळे तिथेच गायकी सर्वांत जोरकस! जुन्या मुद्रिकांत ताना फाटतात तेव्हा गवयाला किंवा सुईला दोष देण्याआधी ही भूमिती आठवावी.

कोल्हापुरासाठी हा विषय केवळ भूमितीचा नाही. शाहू महाराजांच्या दरबारी गायक असलेल्या अल्लादियाखाँ यांचा (१८५५–१९४६) स्वतःचा आवाज कोणत्याही मुद्रिकेवर उपलब्ध नाही. ते काय गात असतील याचा अंदाज शिष्यांच्या मुद्रणांवरूनच बांधावा लागतो. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर या गोव्यातल्या केरीच्या. लहानपणी काही महिने त्या कोल्हापुरात अब्दुल करीमखाँ यांच्याकडेही शिकल्या होत्या. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर पाठवलेल्या तबकडीत त्यांची भैरवी आहे, हे बहुतेकांना माहीत असते. ती तबकडी जुन्या पद्धतीची, खाचांची आहे आणि तीच याने चित्रे मात्र अंकांच्या रूपात पृथ्वीकडे पाठवत होती, हे फारसे कोणी सांगत नाही. ध्वनी आणि अंक यांच्या वाटा तेव्हा नुकत्या एकत्र येऊ लागल्या होत्या.

आवाजाचे आकडे

आवाजाचे आकडे करावेत ही कल्पना ॲलेक रीव्ह्ज या इंग्रज अभियंत्याची. १९३७ साली तो पॅरिसमध्ये टेलिफोनच्या संशोधनावर काम करत होता. लांब पल्ल्याच्या तारेवर आवाज क्षीण होतो, म्हणून वाटेत ठिकठिकाणी तो मोठा करावा लागतो. पण प्रत्येक ठिकाणी आवाजाबरोबर खरखरही मोठी होते. रीव्ह्ज म्हणाला, आवाजाची उंची ठरावीक काळाने मोजावी आणि तारेवरून फक्त आकडा पाठवावा. आकडा पुसट झाला तरी वाचता येईल तोवर पुन्हा स्वच्छ लिहिता येतो. खरखर मागे राहते. विचार बिनतोड होता, पण निर्वात नळ्यांच्या काळात तो परवडणारा नव्हता. ट्रान्झिस्टर येईपर्यंत ती कल्पना सर्रास वापरात आली नाही.

किती वेळा मोजायचे याचे उत्तर नायक्विस्ट (१९२८), रशियातला कोटेलनिकोव्ह (१९३३) आणि शॅनन (१९४९) यांच्या कामातून मिळाले. सर्वांत वरच्या स्वराच्या कंपनसंख्येच्या दुपटीहून जास्त वेळा मोजले तर मूळ तरंग पुरता परत मिळवता येतो. माणसाचा कान २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो, तेव्हा सेकंदाला ४०,००० हून थोडी जास्त मोजमापे पुरतात. कॉम्पॅक्ट डिस्कसाठी ठरलेला आकडा ४४,१०० आहे. तो असा विचित्र का? कारण सुरुवातीला हे आकडे साठवायला दूरचित्रवाणीचे टेपयंत्रच उपलब्ध होते. सेकंदाला ६० चित्रक्षेत्रे, प्रत्येकात २४५ वापरता येणाऱ्या रेषा, प्रत्येक रेषेवर ३ आकडे. गुणाकार करून पहा. युरोपातल्या पद्धतीत ५० क्षेत्रे, २९४ रेषा आणि ३ आकडे. पुन्हा ४४,१०० च. संगीताच्या तबकडीचा पाया दूरचित्रवाणीने असा घातला.

प्रत्येक मोजमाप सोळा द्विमान अंकांत, म्हणजे सोळा बिटांत लिहिले जाते. त्यामुळे आवाजाच्या उंचीच्या ६५,५३६ पायऱ्या मिळतात. १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये पहिला सीडी प्लेअर विक्रीला आला आणि सेकंदाला ८८,२०० वेळा (डावी-उजवी बाजू धरून) या आकड्यांचे पुन्हा व्होल्ट करणारे एक यंत्र घराघरांत शिरले. त्या भागाला आपण परिवर्तक म्हणू. पुढे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात हौशी श्रोत्यांसाठी तो वेगळ्या डब्यातही मिळू लागला. आज जुन्या बाजारात जे ‘व्हिंटेज’ म्हणून विकले जातात ते हेच डबे.

झिजलेले माप

परिवर्तक कसा चालतो? गुळाच्या बाजारातला तराजू डोळ्यांसमोर आणा. समजा मापे १, २, ४ आणि ८ किलोची आहेत. त्यांतून ० ते १५ पर्यंत कोणतेही वजन करता येते. सात किलोसाठी ४, २ आणि १ ही तीन मापे ठेवायची. आठ किलोसाठी मात्र ती तिन्ही काढून ८ चे एकच माप ठेवायचे. आता हे मोठे माप झिजून पावणेसात किलोचे झाले असेल तर? सातापर्यंतची सगळी वजने बिनचूक. आठ मागणाऱ्या गिऱ्हाइकाला मात्र सातवाल्यापेक्षा कमी गूळ मिळेल.

सोळा बिटांच्या परिवर्तकात अशी सोळा मापे असतात. ती लोखंडाची नसून विद्युतप्रवाहाची असतात आणि रेझिस्टन्सच्या जाळीने तयार होतात. सर्वांत मोठे माप ३२,७६८ पायऱ्यांचे. त्याखालची पंधरा मिळून ३२,७६७. शांतता ही या पट्टीच्या नेमकी मधोमध असते. आवाजाचा तरंग मधल्या रेषेच्या वर-खाली होतो आणि प्रत्येक वेळी ती रेषा ओलांडताना पंधरा मापे काढून एक मोठे माप ठेवावे लागते, किंवा उलट.

मोठे माप हजारात एक इतके जरी चुकले तरी ती चूक जवळजवळ ३३ पायऱ्यांची होते. दमदार तानेची उंची वीस हजार पायऱ्या असेल, तर तिच्यात ३३ पायऱ्यांचा खड्डा कानाला कळत नाही. पण विरत जाणाऱ्या तानपुऱ्याची उंची पन्नास पायऱ्या असेल तर? त्याच्या प्रत्येक कंपनात दोनदा तेवढाच खड्डा येतो. तानपुरा घोगरा, वाळू घासल्यासारखा वाजतो.

इतिहासाने इथे उलटी कोलांटी घेतली. फिल्म आणि ग्रामोफोन मोठ्या आवाजाला फाटत. जुना परिवर्तक बिघडला की हळू आवाज फाटतो. (डिजिटल ध्वनीतही शेंडे छाटले जातात, नाही असे नाही. ६५,५३६ वी पायरी संपली की पुढे काहीच नाही. पण हा दोष बहुधा आकडे लिहितानाचा असतो, वाचतानाचा नाही. त्याकडे पुढे येऊ.)

हे वर्गात करून दाखवता येते. एकाच मापाचे, १० किलोओहमचे, १३ रेझिस्टन्स, ४.७ किलोओहमचा एक, तीन सेल आणि डिजिटल मल्टिमीटर एवढे पुरते. फळीवर चार खिळे ओळीने ठोका. शेजारच्या दोन खिळ्यांमध्ये एकेक रेझिस्टन्स जोडा. प्रत्येक खिळ्यापासून दोन रेझिस्टन्स एकापुढे एक जोडून त्याचे टोक मोकळे सोडा, हे झाले चार पाय. पहिल्या खिळ्यापासून अशीच आणखी एक जोडी थेट सेलच्या ऋण टोकाला जोडा. प्रत्येक पाय धन टोकाला लावला तर १, ऋण टोकाला लावला तर ०. चौथ्या खिळ्याचा पाय हा सर्वांत मोठा अंक. चौथा खिळा आणि ऋण टोक यांमध्ये व्होल्ट मोजा. ४.५ व्होल्टला ७ या संख्येसाठी सुमारे १.९७ आणि ८ साठी २.२५ व्होल्ट मिळतील. आता चौथ्या पायात ४.७ किलोओहमचा रेझिस्टन्स वाढवा, म्हणजे माप झिजवा. ७ ला सुमारे २.१८ आणि ८ ला २.०१. संख्या वाढली आणि व्होल्ट घटले! मुलांना हा क्षण फार आवडतो. सेलचे व्होल्ट आणि रेझिस्टन्सची अचूकता यांप्रमाणे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, उलटापालट मात्र दिसेलच.

सोनेरी पट्ट्याच्या साध्या रेझिस्टन्समध्ये शेकडा ५ फरक चालतो. सोळा बिटांना बत्तीस हजारांत एकाचा फरकही फार. मग १९८० च्या दशकात हे जमवले कसे? प्रत्येक कंपनीने आपापली युक्ती काढली. सोनीच्या पहिल्या यंत्राने मापे टाळून मोजणीचा मार्ग धरला. आकड्याइतका वेळ प्रवाह सोडायचा आणि साठलेला विद्युतभार मोजायचा. फिलिप्सने सुरुवातीला चौदा बिटांचाच परिवर्तक वापरला, पण दर दोन आकड्यांमध्ये हिशेबाने तीन नवे आकडे घातले आणि चुकांची खरखर कानाच्या कक्षेबाहेर ढकलली. शिवाय त्यांच्या रूडी व्हॅन द प्लाश या अभियंत्याची एक सुंदर युक्ती होती. दोन प्रवाह तंतोतंत सारखे करता येत नाहीत ना, मग त्यांची जागा सतत अदलाबदल करा, सरासरी सारखीच येते. वाटणीच्या भांडणात भाऊ आलटून पालटून शेत कसतात तसे. ही सरासरी साधायला आयसीभोवती छोट्या कंडेन्सरांची रांग लागते. फिलिप्सच्या १९८५ च्या प्रसिद्ध टीडीए १५४१ या आयसीभोवती असे चौदा कंडेन्सर असत. अमेरिकेतल्या बर-ब्राउन कंपनीने जाळीचाच मार्ग ठेवला आणि तिच्या पीसीएम ५६ सारख्या आयसींत मोठे माप बाहेरून जुळवण्यासाठी टोके दिली. तिथे एक बारीक स्क्रू बसवून कारखान्यात ते माप लावता येई.

मग १९८० च्या दशकाच्या अखेरीस एक-बिटी परिवर्तक आले. इनोसे आणि यासुदा या जपानी संशोधकांनी १९६२ साली मांडलेल्या कल्पनेवर ते आधारलेले होते. माप एकच, ते प्रचंड वेगाने ठेवायचे-काढायचे आणि सरासरी घ्यायची. एकच माप असल्यावर दुसऱ्याशी न जुळण्याचा प्रश्न येत नाही. आज आपल्या मोबाइलमध्ये याच कल्पनेचे वंशज आहेत. म्हणून ‘मधल्या रेषेवरचा खड्डा’ हा रोग आता जुन्या यंत्रांतच भेटतो आणि तरुण दुरुस्तीवाल्यांच्या तो लक्षात येत नाही.

एक दुरुस्ती

माझ्या ओळखीच्या एका निवृत्त संगीतशिक्षकांकडे असा एक डबा आहे, पुतण्याने परदेशातून आणून दिलेला. पंचवीस-एक वर्षांपूर्वी त्यांनी आपल्याकडच्या ७८ फेऱ्यांच्या मुद्रिका संगणकावर उतरवून घेतल्या होत्या आणि मूळ तबकड्या घर बदलताना वाटून टाकल्या होत्या. आता ती गाणी घोगरी वाजू लागली. एका दुरुस्तीवाल्याने सांगितले, ‘स्पीकर गेलाय गुरुजी, नवा टाका.’ नव्या स्पीकरनेही फरक पडला नाही. तेव्हा गुरुजींनी ठरवून टाकले की पूर्वी उतरवतानाच सगळे खराब झाले. ‘सर, माझ्या हातानं मी ती गाणी मारली,’ असे ते मला म्हणाले.

मी विचारले, ‘केव्हा फाटतं?’ त्यांचा कान तयार. ‘आलापात. सुरुवातीला तानपुरा लागतो तिथं जास्त. तान आली की स्वच्छ. आणि डाव्याच बाजूला.’ निम्मे निदान तिथेच झाले. मोठा आवाज स्वच्छ, म्हणजे शेंडे छाटलेले नाहीत. एकच बाजू, म्हणजे दोन्ही बाजूंना सामाईक असलेले भाग, जसे की पॉवर सप्लाय किंवा आकड्यांचे घड्याळ, यांच्यावरचा संशय कमी.

तरीही क्रमाने जावे. प्रथम परिवर्तकातून विवर्धकाकडे जाणाऱ्या तारा डाव्या-उजव्या बदलल्या. घोगरेपणा उजव्या स्पीकरमध्ये गेला. म्हणजे विवर्धक आणि स्पीकर निर्दोष. नंतर तीच फाइल मोबाइलवर हेडफोन लावून ऐकली. तानपुरा स्वच्छ! गुरुजींनी हेडफोन काढला, पुन्हा लावला, आणि काही बोलले नाहीत. आकडे शाबूत होते.

आता डब्याच्या आत. प्लग काढून, थोडा वेळ थांबून मगच झाकण उघडावे, कारण सप्लायच्या कंडेन्सरात भार राहतो. चाळीस-एक वर्षांच्या यंत्रात पहिला संशय मोठ्या कंडेन्सरांवर. त्यांच्यातला द्रव उष्णतेने आटतो, माथा फुगतो, आवाजात घुमणारी गुणगुण येते, आणि यंत्र गरम होताना दोष कमी-जास्त होतो. इथे तासाभराने काहीच बदलले नाही आणि व्होल्टही योग्य होते. दुसरा संशय रिलेवर. यंत्र सुरू करताना ‘टक्’ असा आवाज येतो तो याचा. कोल्हापूरच्या पावसाळ्यात त्याच्या संपर्कबिंदूंवर गंज चढतो आणि त्यातून हळू आवाज नीट पार होत नाही. लक्षणे अगदी झिजलेल्या मापासारखी! मात्र दोघांत एक फरक आहे. एकदा जोरात आवाज सोडला की रिलेचा संपर्क मोकळा होतो आणि नंतर काही काळ हळू आवाजही स्वच्छ येतो. मापाचा दोष मोठ्या आवाजाच्या पुढच्याच क्षणी परत येतो. आम्ही शिट्टीसारखा एक जोरकस स्वर वाजवला, लगेच तानपुरा लावला. घोगरेपणा जिथल्या तिथे.

मग संगणकावर १००० कंपनांचा, अवघ्या तीस पायऱ्या उंचीचा स्वर तयार केला आणि परिवर्तक एका महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागात ऑसिलोस्कोपला जोडला. उजव्या बाजूचा तरंग बराचसा गुळगुळीत. डाव्या बाजूचा मधल्या रेषेवर तुटलेला, जणू मधली पायरी उखडलेला जिना. आयसीजवळच्या बारीक स्क्रूला हात लावताच ती पायरी वर-खाली नाचू लागली. माप जुळवणाऱ्या त्या छोट्या रेझिस्टन्सचा सरकता संपर्क गंजला होता. तो काढून नव्याला डाग दिला, पडद्याकडे पाहत स्क्रू फिरवला, आणि तरंग सांधला गेला. सुटा भाग काही रुपयांचा होता.

उजव्या बाजूला ‘बराचसा गुळगुळीत’ म्हटले, कारण तीस पायऱ्यांचा तरंग निरोगी परिवर्तकातही पायऱ्यापायऱ्यांचाच दिसणार. त्यावरचा उपाय ऐकायला चमत्कारिक आहे. आकडे करण्याआधी आवाजात किंचित खरखर मुद्दाम मिसळायची. मग पायऱ्यांची चूक स्वराला चिकटून न राहता विखुरते आणि कान ती सोसतो. चित्रांसाठी ही युक्ती रॉबर्ट्स याने १९६२ साली मांडली आणि ध्वनीसाठी तिचे गणित व्हँडरकॉय आणि लिपशिट्झ यांनी १९८४ साली पक्के केले. दामल्यांच्या पिढीने जी खरखर घालवण्यासाठी धडपड केली, ती नंतरच्या अभियंत्यांनी मोजूनमापून परत आत घेतली.

इतर जुन्या डब्यांत आणखी दोन गोष्टी वारंवार आढळतात. आवाजाऐवजी धबधब्यासारखा गोंगाट आला तर बहुधा परिवर्तक बिघडलेला नसतो. टीव्हीचा बॉक्स त्याला न समजणाऱ्या संकेतात आकडे पाठवत असतो आणि बॉक्सच्या सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ निवडले की काम होते. दुसरे, जुन्या डिस्क नीट आणि नव्या डिस्क मात्र तारस्वरात तडतडतात. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून गाणी शेवटच्या पायरीपर्यंत भरून मुद्रित करण्याची चढाओढ लागली. जुन्या परिवर्तकांत दोन आकड्यांमधले नवे आकडे काढताना ते शेवटच्या पायरीपलीकडे जातात आणि तेवढी मोकळी जागा त्यांत ठेवलेली नसते. याला दुरुस्ती नाही. आवाजाची फाइल संगणकावर थोडी खाली आणून वाजवावी एवढेच.

गुरुजींच्या फाइलींपैकी तीन मात्र मोबाइलवरही फाटल्या, आणि त्या तानांमध्ये. संगणकावर तरंग मोठा करून पाहिला तर शेंडे कातरीने कापल्यासारखे सपाट दिसले. उतरवताना आवाज जास्त ठेवला गेला होता. हा दोष आकड्यांतच आहे आणि कोणताही परिवर्तक तो भरून काढू शकत नाही. मूळ तबकडी असती तर दहा मिनिटांचे काम होते.

अशा तबकड्या आणि फिल्म कमी होत चालल्या आहेत. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात, प्रभातच्याच जुन्या आवारात, साठवणीच्या जागेला आग लागली आणि ज्वालाग्राही नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळाला. त्यात प्रभातच्या मूळ फिल्मही गेल्या. ज्यांच्या प्रती आधी झाल्या होत्या त्यांचा आवाज प्रतीत जसा उतरला असेल तसाच आता आपल्याला मिळणार.

आपल्या शाळेत किंवा गावात कोणाकडे जुन्या तबकड्या, कॅसेट असतील आणि मुलांच्या मदतीने त्या उतरवून घ्यायच्या असतील, तर सर्वांत मोठी तान आधी वाजवून पहा आणि ती शेवटच्या पायरीच्या निम्म्यापर्यंतच पोचेल एवढा आवाज ठेवा. २४ बिटांची सोय असेल तर तीच वापरा, मग निम्मी उंची सोडल्याने हळू आवाजाचे नुकसान होत नाही. तानपुरा लागतो तो पहिला अर्धा मिनिट आणि शेवटची तान, हे दोन भाग दुसऱ्या यंत्रावर, हेडफोन लावून, डाव्या आणि उजव्या कानाने स्वतंत्र ऐका. कोणत्या यंत्राने, कोणत्या तारखेला उतरवले ते फाइलीसोबत लिहून ठेवा. आणि तबकडी लगेच कोणाला देऊन टाकू नका.